शल्यवैद्याची उमेदवारी

(संत नामदेव महाराज संजीवन समाधी सोहळ्यानिमित्त नागपूर येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपल्यासमोर पार पडला. त्यांत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेली तीन मुले होती. त्यांची नावे पुकारली गेली तेव्हा जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो इतर कोणाच्याही वाट्याला आला नाही. ते योग्यच झाले. परंतु टाळ्या वाजविणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की, मूल साडेपाच वर्षांत एम.बी.बी.एस. झाले, दारावर पाटी लागली, की घरच्यांचे काम संपले. माझीही तीच समजूत होती. ती कशी मोडली आणि तिच्यापायी कोणाला काय सोसावे लागले, हे सांगावे असे फार दिवस मनात होते. कार्यकारिणीने मला ‘शिक्षणाचे महत्त्व’ हा विषय दिला होता. शाळेतील नोकरीत तो विषय मी इतक्या वेळा मांडला आहे की, आता त्यात मला स्वतःलाच गोडी उरलेली नाही. म्हणून अध्यक्षांच्या अनुमतीने मी आज शल्यवैद्य, म्हणजे आपण ज्यास सर्जन म्हणतो तो, कसा तयार होतो ह्याविषयी बोलणार आहे.

मी स्वतः शालान्त परीक्षा होऊन मास्तरकीत शिरलेला मनुष्य. वैद्यकशास्त्रातले मला काही कळते असा माझा दावा नाही. माझ्या धाकट्या भावाची मुलगी आज सर्जन आहे. नाव घेऊ नये अशी तिची अट आहे व ती मी पाळणार आहे. जे सांगतो आहे ते काही तिच्या तोंडून ऐकलेले, काही तिच्या वसतिगृहावर डबा पोहोचविताना डोळ्यांनी पाहिलेले आणि थोडे वाचलेले असे आहे.

एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे व आंतरवासितेचे एक वर्ष संपल्यावर नीट-पीजी नावाची दोनशे प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. तीत क्रमांक चांगला लागला तर एम.एस. जनरल सर्जरीस प्रवेश मिळतो. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पण त्यास अभ्यासक्रम म्हणणे म्हणजे दुकानातल्या उमेदवारीस शिकवणी म्हणण्यासारखे आहे. त्यास विद्यावेतन मिळते म्हणून तो नोकर. त्यास प्रबंध लिहावा लागतो व नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा द्यावी लागते म्हणून तो विद्यार्थी. आणि मध्यरात्री दोन वाजता वॉर्डातील सर्व रोग्यांना व त्यांच्या नातेवाइकांना डॉक्टर म्हणून तोच एक समोर दिसतो, म्हणून सर्व जबाबदारीही त्याचीच.

ह्या मुलांना ‘निवासी डॉक्टर’ म्हणतात. हा शब्द आला कोठून? अमेरिकेत बाल्टिमोर शहरी १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स नावाचे रुग्णालय उघडले. तेथील मुख्य सर्जन विल्यम हॉल्स्टेड ह्यांनी शिष्य तयार करण्याची एक पद्धत बसविली. शिष्याने रुग्णालयातच राहावयाचे, अहोरात्र रोग्यांपाशी असावयाचे, लग्नाचा विचार दूर ठेवावयाचा, आणि गुरूचे समाधान होईपर्यंत एकेक पायरी चढत जावयाचे. तेथेच निवास करणारा म्हणून तो रेसिडेंट. आज जगभर सर्जन घडविण्याची जी रीत आहे, तिचे मूळ बहुतांशी येथे आहे. हॉल्स्टेड हे मोठे कुशल गृहस्थ. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे वापरण्याची रीत त्यांच्यामुळे रूढ झाली, मांसपेशींना हळुवार हात लावावा हा त्यांचा कटाक्ष होता. पण त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट वाचली ती मला विसरता येत नाही. भूल देण्यासाठी कोकेनचा उपयोग होतो काय हे स्वतःवर तपासून पाहताना ते त्याच्या आहारी गेले, आणि पुढे मॉर्फिनची सवय त्यांना जन्मभर राहिली. अहोरात्र राबण्याचा कित्ता ज्याने घालून दिला, त्याचे स्वतःचे शरीर काही केवळ मनोबलावर चालत नव्हते. असो.

आपल्या नागपूरची गोष्ट सांगावयाची तर १९४७ पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात वैद्यकाची पदवी देणारे महाविद्यालयच नव्हते. मेयो रुग्णालयाच्या आश्रयाने रॉबर्टसन मेडिकल स्कूल चालत असे व तेथून पदविकाधारक डॉक्टर बाहेर पडत. १९४७ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ज्यास आपण नुसते ‘मेडिकल’ म्हणतो. पुढे मेयोलाही महाविद्यालय जोडले गेले, १९६९ साली सेवाग्रामचे सुरू झाले, आणि २०१८ पासून एम्सही आले. आज नागपूर-वर्ध्याच्या टापूत सर्जन होण्यासाठी मुंबईस धाव घ्यावी लागत नाही, ही केवढी सोय आहे, हे ज्यांच्या घरी पूर्वीच्या काळी कोणी आतडे गुंतून दगावले असेल त्यांनाच कळेल.

आता उमेदवारीविषयी. ती आपल्या समाजाला समजावून सांगावी लागू नये. आमच्या वडिलांच्या दुकानात नवा मुलगा आला की, पहिले वर्ष तो चिंध्या गोळा करी, कोळशाची इस्त्री पेटवी, बटणे लावी, काजे करी, तुरपाई करी. मग यंत्रावर सरळ टीप. मग बाही जोडणे, कॉलर बसविणे. कात्री मात्र मास्तरांच्या हातून सुटत नसे, कारण टीप चुकली तर उसवता येते, बेतण्यात चूक झाली तर गिऱ्हाइकाचे कापड गेले. सर्जरीच्या तीन वर्षांचा क्रम ह्याहून निराळा नाही. प्रथम वर्षाचा निवासी पहाटे साडेपाचला वॉर्डात जातो. रक्ताचे नमुने घेणे, जखमा धुऊन पट्ट्या बदलणे, पोटातून काढलेल्या नळीवाटे रात्रीत किती पू वा पाणी आले त्याची नोंद करणे, लघवीचे माप लिहिणे, एक्स-रे मिळविणे, रक्तपेढीत खेटे घालणे. वरिष्ठांची फेरी येईपर्यंत प्रत्येक रोग्याची हकीकत त्याच्या जिभेवर असावी लागते. शस्त्रक्रियागृहात त्याचे काम रिट्रॅक्टर धरण्याचे, म्हणजे जखमेच्या कडा ओढून धरणारा लोखंडी आकडा दोन-दोन तास हलू न देता धरावयाचा. तो धरताना तो पाहतो, आणि पाहता पाहता शिकतो. मग त्वचेचे टाके. मग गळू कापणे, फासळ्यांमधून नळी घालून छातीतील रक्त काढणे. मग वरिष्ठ समोर उभे असताना हर्निया, अपेंडिक्स. तिसऱ्या वर्षी फुटलेले आतडे रात्री तीन वाजता उघडण्याची पाळी येते तेव्हा कात्री त्याच्या हाती असते.

मला वाटले होते की ही सर्व पाश्चात्त्यांची रीत. पण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ह्या हाताच्या सरावावर एक स्वतंत्र अध्यायच आहे, आणि त्या सरावास ‘योग्या’ असा शब्द आहे. शास्त्र कितीही वाचलेले असो, योग्या केलेली नसेल तर तो शिष्य कर्मास अपात्र, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. छेद घेणे शिकावयाचे ते भोपळा, कलिंगड, काकडी ह्यांवर. भेदन शिकावयाचे ते पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर. शीर टोचणे मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. जखमेत सळई घालून शोध घेणे किडीने पोखरलेल्या लाकडात. आणि सीवन, म्हणजे शिवण, जाड कापडाच्या काठांवर व मऊ कातड्यावर. हा भाग मी भावाच्या दुकानात बसून मोठ्याने वाचून दाखविला, तेव्हा त्याने यंत्र थांबवून तो पुन्हा वाचावयास लावला. आता भोपळ्याची जागा पेटीने घेतली आहे. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया ह्यांनी केली, आणि आज ती गावोगाव होते. तिच्यासाठी मुले एका पेटीत कॅमेरा लावून, समोरच्या पडद्याकडे पाहत, लांब चिमट्यांनी मणी उचलण्याचा सराव करतात. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे. मी एकदा करून पाहिला. दहा मिनिटांत एकही मणी उचलता आला नाही.

पुतणी सुटीवर आली की, पलंगाच्या कठड्याला दोरा बांधून गाठी मारीत बसे. प्रथम मला ते पोरकट वाटले. तिने समजावून सांगितले की, दोन्ही फेरे एकाच दिशेचे पडले तर गाठ सरकते, आणि पोटात सरकलेल्या गाठीचा अर्थ रक्तस्राव. म्हणून एक फेरा उलट, एक सुलट, आणि बोटांना ते न पाहता करता आले पाहिजे. दोऱ्यांचेही तेच. आपल्याकडे दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक. त्यांच्याकडे शून्ये वाढली की दोरा बारीक. रेशीम आहे, नायलॉन आहे, जनावराच्या आतड्यापासून केलेला कॅटगट आहे, आणि शरीरात आपोआप विरघळणारे नवे कृत्रिम धागेही आहेत. त्यांच्या सुईला नेढे नसते, दोरा मुळातच सुईत बसविलेला असतो. हे ऐकून माझा भाऊ म्हणाला, “म्हणजे ओवायचा त्रास वाचला, म्हातारपणी चांगले.”

नागपूरच्या शासकीय रुग्णालयांत विदर्भाचे सर्व जिल्हे तर येतातच, पण छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगड, आदिलाबादकडील रोगीही येतात. त्यामुळे येथे शिकणाऱ्याच्या नजरेखालून जे जाते ते पुस्तकात एका जागी सापडणार नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाने गळा चिरलेली माणसे येतात. रानडुकराने मांडी फाडलेला शेतकरी येतो, गडचिरोली-चंद्रपूरकडून अस्वलाने चेहरा ओरबाडलेला मोहफुले वेचणारा येतो. अनवाणी चालून, मधुमेहामुळे टाचेतील काटा न कळून, पाय काळा पडल्यावर येणारे तर रोजचेच. आणि खर्रा. बंधूंनो, ह्या सभागृहात ह्या क्षणी किती खिशांत खर्ऱ्याच्या पुड्या आहेत हे मला ठाऊक आहे. तोंड दोन बोटेही न उघडणारे तिशीतले तरुण तिने पाहिले आहेत. जबड्याचा भाग काढावा लागलेली माणसे पाहिली आहेत. ती घरी आली की प्रथम आपल्या भावाला तोंड उघडावयास लावते, नंतर पाणी पिते.

आणखी एक गोष्ट विदर्भातील सर्जनला विशेष जपावी लागते, ती सिकलसेलची. आपल्या भागातील अनेक समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे. अशा रोग्याला शस्त्रक्रियेच्या वेळी प्राणवायू कमी पडला, अंगातील पाणी कमी झाले वा थंडी बाधली तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवितात. त्यांच्या पित्ताशयात खडेही लहान वयात होतात. म्हणून चाकू लावण्यापूर्वी येथे सिकलसेलची तपासणी करून घेतात. कोणी डॉक्टर ही तपासणी सांगेल तेव्हा ‘आमच्यात असले काही नाही’ असे रागावून म्हणू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तीकडे वळतो.

पुतणीच्या वर्षीचे प्रवेश न्यायालयातील वादामुळे लांबले होते व ती २०२२ च्या फेब्रुवारीत रुजू झाली. प्रथम वर्ष म्हणजे सर्वांत खालची पायरी. त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या मुलाचे लग्न उमरेडला होते. हळदीच्या आदल्या दिवशी तिच्या युनिटची इमर्जन्सी होती, म्हणजे शहरातून व बाहेरून येणारा प्रत्येक तातडीचा रोगी त्यांच्याकडे. सकाळी आठला सुरू झालेले काम दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत संपले नव्हते. सकाळपासून मी तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी तिने उचलला आणि आजचा दिवस क्षमा करा, उद्या लग्नाला नक्की येते, असे म्हणाली. त्यावर मी जे बोललो ते शब्दशः सांगतो. मी म्हणालो, “एक दिवस तू नसलीस तर रुग्णालय बंद पडणार आहे काय? घराण्यातली पहिली डॉक्टर झालीस, म्हणून घरचे विसरावयाचे?” ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “येते, मोठेबाबा.”

तीस तासांच्या जागरणानंतर, मे महिन्याच्या उन्हात, ती स्कूटरवर उमरेडच्या रस्त्याने निघाली. वाटेत गाडी रस्त्याच्या कडेला घसरली. मागून ट्रक आला नाही एवढी नामदेवरायांची कृपा. उजव्या मनगटाचे हाड मोडले.

कुत्रे आडवे आले, असे तिने सर्वांना सांगितले. मीही तेच धरून चाललो. लग्नात मी पाहुण्यांना ‘पोरीने गाडी जपून चालवावयास हवी होती’ असेही म्हणालो. सहा महिन्यांनी तिच्या एका मैत्रिणीने मला खरी गोष्ट सांगितली. कुत्रे नव्हतेच. तिला डुलकी लागली होती.

उजवे मनगट म्हणजे सर्जनचे काय असते, हे मी शिंप्यांच्या सभेत सांगत बसत नाही. सहा आठवडे प्लास्टर. ते निघाले तेव्हा अंगठा व तर्जनी जुळत, पण सुई धरण्याच्या चिमट्यावर जोर येत नसे. ह्या काळात घरात एक विचार असाही निघाला की, हे सोडून द्यावे, नुसती एम.बी.बी.एस. डॉक्टरकी काय वाईट आहे? कोणी डॉ. प्रकाश आमटे ह्यांचे उदाहरण दिले. १९७३ साली बाबा आमट्यांनी हेमलकशाचे काम आरंभिले तेव्हा डॉ. प्रकाश नागपूरच्या मेडिकलमध्ये शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते, ते सोडून ते माडिया लोकांत जाऊन राहिले, आणि डॉ. मंदाकिनी आमटे त्यांच्याबरोबर गेल्या. पुढे २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा पुतणीने उत्तर दिले की, त्यांना जावयाला हेमलकसा होते, मी सोडून जाऊ कोठे? घरी बसावयाला?

तिचा हात परत आणला तो माझ्या भावाने. भौतिकोपचारवाल्यांनी सांगितलेले व्यायाम ती करीतच होती. त्याने तिच्यापुढे मांजरपाटाचा तुकडा टाकला. पहिला आठवडा नुसता धावदोरा. मग तुरपाई. मग काज. रोज पंधरा काजे, एकसारखी, दोऱ्याचा ताण कोठेही कमीजास्त न होता. चुकले की तो काही न बोलता उसवून परत देई. दुकानात येणारी गिऱ्हाइके विचारीत की, डॉक्टरीणबाई काजे का करताहेत? भाऊ म्हणे, “माणूस कमी पडतो आहे.” आठ आठवड्यांनी ती कामावर परतली. गेलेले दिवस पुढे भरून द्यावे लागले. परतल्यावर काही दिवसांनी एका म्हातारीच्या पायाची जखम तिने शिवली, तेव्हा मागे उभ्या असलेल्या वरिष्ठांनी टाक्यांकडे पाहून हे कोणाकडे शिकलीस असे विचारले. तिने खरे तेच सांगितले. घरी येऊन तिने ही गोष्ट बापाला सांगितली, मला नाही. मला ती भावजयीकडून कळली.

त्या दिवशीच्या अपघातास मी एकटाच कारण होतो असे म्हणून मला मोठेपणा घ्यावयाचा नाही. तीस-तीस तासांचे काम हे जगभरचे दुखणे आहे. १९८४ साली न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यापासून काही तासांतच मरण पावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर दीर्घ काळ कामावर होते. तिचे वडील वकील व पत्रकार होते. त्यांनी ते प्रकरण लावून धरले. त्यातून १९८९ साली न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, व २००३ साली ती साऱ्या अमेरिकेत लागू झाली. आपल्याकडे केंद्र सरकारचे पत्र त्यापूर्वीच, ५ जून १९९२ चे आहे. त्यात सलग काम साधारणतः १२ तासांहून अधिक व आठवड्याचे काम ४८ तासांहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे होतो! २०२३ च्या नियमांत आठवड्याची एक सुटी व वर्षाची २० दिवसांची रजा आली, पण तासांच्या बाबतीत ‘वाजवी’ एवढाच शब्द आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचविली. ४८ पासून ७४ पर्यंत आलो, आणि प्रत्यक्षात तेवढ्यावर भागते असे मी अजून कोणा निवासी डॉक्टरच्या तोंडून ऐकलेले नाही. दुसऱ्या बाजूने काही जुने सर्जन म्हणतात की, तास कमी केले तर हात कमी चालेल, आणि रोग्याला रात्री ज्याने पाहिले त्यानेच सकाळीही पाहावा. ह्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आमच्या वडिलांनीही दिवाळीच्या तोंडावर उमेदवारांना रात्ररात्र बसविले आहे. पण झोपेत गेलेली टीप सकाळी उसवत, एवढे मला आठवते.

सरकारचे तास सरकार ठरवील. घरचे तास आपल्या हातात आहेत. ज्या दिवशी त्या मुलाला सहा तास झोप मिळण्याची शक्यता असते, तो दिवस आपण बारशाला, साक्षगंधाला, तेराव्याला मागून घेतो. तो आला नाही तर ‘गर्व झाला’ म्हणतो. मी म्हणालोच होतो.

आणि फोन. ती रुजू झाल्यावर आपल्या समाजातील जवळजवळ प्रत्येक घरातून तिला फोन गेले. खाट मिळवून दे, मोठ्या डॉक्टरांना सांग, नंबर लवकर लाव. प्रथम वर्षाच्या निवाशाच्या हाती खाट नसते, भगिनींनो; त्याच्या हाती त्या खाटेवरील रोग्याचे ड्रेसिंग असते. त्यास मदत करावयाची असेल तर रोग्याला नेताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे व पूर्वीचे एक्स-रे बरोबर न्या, आणि रक्त लागेल म्हटल्यावर जिन्याखाली नाहीसे होऊ नका. चार धडधाकट मुलगे असलेल्या बापासाठी शेवटी वॉर्डातील निवासी डॉक्टरने रक्त दिले, असे तिने पाहिले आहे. तो बाप आपल्या समाजातला नव्हता, पण असता तरी फार वेगळे झाले असते असे मला वाटत नाही.

मुलींविषयी दोन शब्द. सर्जरी मुलींचे काम नव्हे, त्यांनी त्वचारोग घ्यावा, बालरोग घ्यावा, असे आपल्यातील शिकलेली माणसेही सांगतात. सुई कोणाच्या हाती शोभते हा वाद निदान आपण तरी घालू नये. पण भीती खरी आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात एका निवासी डॉक्टर मुलीची कामावर असताना, रुग्णालयातच, अत्याचार करून हत्या झाली. लांबलचक पाळीनंतर ती सभाकक्षात विसावा घेण्यास गेली होती. ती बातमी आली त्या रात्री माझी भावजय पुतणीला घरी आणावयास निघाली होती. मी तिला अडविले नाही, तिच्याबरोबर गेलो. पुतणी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. तिने आईला वॉर्डातच बसवून घेतले, आणि आई सकाळपर्यंत तेथे बसली. काय पाहिले कोणास ठाऊक, पण पहाटे परत येताना भावजय म्हणाली की, राहू द्या तिला, पण तिला झोपायला कडीची खोली आहे की नाही हे कोणीतरी विचारा. हे विचारण्याचे काम मंडळाने करावे. प्रत्येक पालकाने एकट्याने अधिष्ठात्यांच्या दारात उभे राहण्यापेक्षा मंडळाचे पत्र गेलेले बरे.

लग्नाचे गणित मांडून पाहा. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेपाच वर्षे, परीक्षेच्या तयारीत एखादे-दोन वर्ष, मग तीन वर्षे, आणि मग शासकीय सेवेचे बंधपत्राचे एक वर्ष. अठ्ठावीस-तीस होतात. आपल्या वधूवर सूचक पुस्तिकेत त्या मुलींच्या नावापुढे वय वाचून पान उलटू नका, एवढेच म्हणतो.

मंडळाची शिष्यवृत्ती एम.बी.बी.एस.पर्यंत आहे. ती पुढे वाढवा असे मी म्हणत नाही; निवासी डॉक्टरांना विद्यावेतन असते, त्यांस पैसा नको आहे. माझी सूचना लहान आहे. मेडिकल चौक, हनुमाननगर, अजनी ह्या भागांत आणि मेयोच्या बाजूस इतवारी, गांधीबागेत आपली पुष्कळ घरे आहेत. आपल्या समाजाची जी मुले ह्या रुग्णालयांत निवासी आहेत, त्यांच्या इमर्जन्सीच्या दिवशी रात्री एका घराने एक डबा पोहोचवावा. वारीने घेतले तर एका घराची पाळी दोन-तीन महिन्यांतून एकदा येईल. डबा दारावरच्या माणसाजवळ ठेवून परत यावयाचे, भेटण्याचा आग्रह धरावयाचा नाही, आणि डब्याबरोबर कोणाचा एक्स-रे पाठवावयाचा नाही. वही मी आणली आहे, पहिले नाव माझे आहे. सभा संपल्यावर ती दाराशी ठेवतो.

पुतणी २०२५ साली एम.एस. झाली. सध्या ती बंधपत्राच्या सेवेत एका उपजिल्हा रुग्णालयात आहे. आज मेळाव्यास यावयाचे तिने कबूल केले होते, व माझे भाषण ऐकल्याशिवाय छापू नका असेही बजावले होते. सकाळी सात वाजता तिचा फोन आला की येणे होत नाही. मी बरे म्हणालो आणि कारण विचारले नाही.